इपॉक्सी रेझिन चिवट कसे करावे? रेझिन आणि पॉलिमर मिश्रणांविषयी अनुभव हवेत

कातळकडा

नमस्कार. संरक्षक लेप बनवणाऱ्या कोकणातल्या एका छोट्या कारखान्यात मी गेली बारा वर्षे रेझिनचे काम पाहतो. जेट्टीचे लोखंडी खांब, बोटींचे डेक आणि मिठाच्या वाऱ्यात उभी असलेली कठडे-जाळी यांसाठी आम्ही दोन भागांचा इपॉक्सी लेप देतो. पहिल्या भागात बिस्फिनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांपासून बनलेले नेहमीचे द्रव रेझिन असते आणि दुसऱ्या भागात अमाइन हार्डनर, म्हणजे रेझिनशी क्रिया करून त्याला कडक करणारे द्रव्य.

लेप चिकटतो चांगला, मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीतही टिकतो. परंतु तो ठिसूळ आहे. बोटीचा कठडा खांबावर आपटला किंवा नांगराची साखळी घासली की टवका उडतो, त्या टवक्याच्या कडेने गंज आत शिरतो आणि वर्षभरात हातभर भाग उचलला जातो. म्हणून मी रेझिनमध्ये १०० भागांस १० भाग द्रव नायट्राइल रबर, म्हणजे ज्याच्या साखळीच्या दोन्ही टोकांना कार्बॉक्सिल गट असतात ते, मिसळून पाहिले. लेप वाकू लागला हे खरे, पण तो मऊ झाला, नखाने ओरखडा उमटू लागला आणि थिनरचा बोळा फिरवताच चिकट झाला. पावसाळ्यात तर त्यावर तेलकट थरही येतो.

माझे प्रश्न दोन आहेत. रबर घातल्यावर लेप चिवट होण्याऐवजी मऊ का झाला? आणि दमट हवेत, भट्टीशिवाय, जेट्टीवरच पिकणाऱ्या, म्हणजे रासायनिक क्रियेने कडक होणाऱ्या लेपाला चिवटपणा देण्याचा खात्रीचा मार्ग कोणता? प्लॅस्टिक कंपाउंडिंगमधल्या, म्हणजे प्लॅस्टिके वितळवून एकमेकांत मिसळणाऱ्या सभासदांनीही लिहावे, कारण दोन पॉलिमर एकत्र नांदवण्याचा त्यांचा अनुभव आम्हा रंगवाल्यांपेक्षा मोठा आहे असे मला वाटते.

अणुरेणू

प्रश्न फार चांगला मांडला आहे. उत्तराआधी एक विचारतो: रबर घातलेला लेप काचेवर ओढल्यावर स्वच्छ पारदर्शक दिसला की दुधाळ?

कातळकडा

अगदी पारदर्शक. मला तर ते चांगले लक्षण वाटले होते. रबर थेट रेझिनमध्ये ओतून अर्धा तास ढवळले, मग हार्डनर घातला आणि चाचणीची पट्टी खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवली.

अणुरेणू

मग दुखणे तिथेच आहे. लवचीक होणे आणि चिवट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या घडण्याचे मार्गही वेगळे आहेत. रबर इपॉक्सीत विरघळून राहिले, तर ते सगळ्या जाळ्यालाच सैल करते. काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पॉलिमर काचेसारखे कडक आणि वर मऊ असते ते तापमान, खाली येते, लेप मऊ पडतो आणि थिनर आत शिरतो. तुमच्याकडे हेच झाले. चिवटपणा हवा असेल तर रबर सुरुवातीला विरघळलेले असावे, पण रेझिन पिकत असताना त्याने वेगळे होऊन सुमारे एक ते काही मायक्रॉनचे गोल कण बनवले पाहिजेत. कणांभोवतीचे इपॉक्सी मूळच्याइतकेच कडक राहते. प्रकाश त्या कणांवर विखुरतो म्हणून लेप दुधाळ दिसतो. द्रव रबर वापरताना दुधाळपणा हीच आपली खूण असते.

ताण आला की भेगेच्या टोकापुढचे रबराचे कण आतून फाटून पोकळ होतात, त्यामुळे भोवतालच्या इपॉक्सीवरचा त्रिमितीय ताण सुटतो आणि ते तुटण्याऐवजी कातरून घसरू लागते. ऊर्जा मुख्यतः या घसरण्यात खर्च होते. रबर स्वतः फार थोडी ऊर्जा पचवते. साध्या इपॉक्सीची भंगऊर्जा दर चौरस मीटरला १०० ते २०० ज्यूलच्या आसपास असते आणि योग्य आकाराचे कण बनले तर ती १,००० च्या पुढे जाऊ शकते. अमेरिकेत एमआयटीमध्ये मॅकगॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात या द्रव रबरावर केलेले काम या क्षेत्रात पायाभूत मानले जाते.

आता तुमच्या हातून राहून गेलेली पायरी सांगतो. कार्बॉक्सिल टोकांचे रबर थेट ओतले की त्याची आम्ल टोके अमाइनशी क्षार बनवतात आणि इपॉक्सीच्या जाळ्याशी त्यांचा रासायनिक बंध जुळतच नाही. म्हणून ते आधी जास्तीच्या इपॉक्सीबरोबर, साधारण १५० अंश सेल्सिअसला, नायट्रोजनखाली दोनेक तास शिजवून अॅडक्ट, म्हणजे दोघांचे जोडसंयुग, करून घ्यायचे असते. ट्रायफिनाइल फॉस्फीन हे उत्प्रेरक अल्प प्रमाणात घातले तर त्याहून कमी तापमानालाही काम होते. आम्लांक, म्हणजे उरलेल्या आम्ल गटांचे माप, जवळजवळ शून्यावर आला की अॅडक्ट तयार झाले असे समजावे.

मापट्याचे_गणित

अणुरेणू यांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्याही आधीची एक गोष्ट सगळ्यांनी ओलांडली. प्रमाण तपासले का? माझ्या अनुभवात मऊ आणि चिकट लेपाच्या दहा तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी रबरापर्यंत पोहोचतच नाहीत, त्या तराजूपाशीच संपतात.

उदाहरण घेऊ. रेझिनचे इपॉक्सी समतुल्य वजन, म्हणजे एका इपॉक्सी गटामागे येणारे वजन, १९० असेल आणि हार्डनर ट्रायइथिलीन टेट्रामाइन असेल, तर त्याचा रेणुभार १४६ आणि नायट्रोजनवरचे क्रियाशील हायड्रोजन सहा, म्हणजे हायड्रोजन समतुल्य वजन २४.४. म्हणून १०० भाग रेझिनला हार्डनर २४.४ गुणिले १०० भागिले १९०, म्हणजे १२.८ भाग लागतो. आता या रेझिनमध्ये १० भाग रबर ओतून कामगाराने एकूण ११० भागांवर त्याच प्रमाणात हार्डनर घातला, तर अमाइन जास्त झाले. आणि अॅडक्ट करूनही जुनेच प्रमाण ठेवले, तर कार्बॉक्सिल गटांनी काही इपॉक्सी गट आधीच खाल्लेले असल्याने अमाइन पुन्हा जास्तच ठरते. अॅडक्टचे समतुल्य वजन परक्लोरिक आम्लाच्या टायट्रेशनने नव्याने मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी गोष्ट २४ तासांची. दोन इपॉक्सी गटांचे रेझिन आणि चार हायड्रोजनांचे अमाइन यांचे मिश्रण फ्लोरी-स्टॉकमायर यांच्या सूत्रानुसार सुमारे ५८ टक्के क्रिया झाली की जेल होते, म्हणजे वाहायचे थांबून घट्ट होते. म्हणजे हाताला लेप घट्ट लागतो तेव्हा चाळीसेक टक्के गट अजून मोकळे असतात. खोलीच्या तापमानाला जसजसे जाळे घट्ट होते, तसतसे काचसंक्रमण तापमान वर चढते. ते हवेच्या तापमानाच्या दहा-वीस अंश वर गेले की रेणू हलायचेच थांबतात आणि क्रिया गोठते. त्यानंतर महिनाभर ठेवा, फारसा फरक पडत नाही. उष्णता दिली तरच ती पुढे सरकते. तेव्हा दुसऱ्या दिवशी थिनरचा बोळा फिरवून रेझिनला दोष देणे अन्यायाचे आहे. निदान सात दिवस थांबा, आणि एक पट्टी ८० अंशांवर दोन तास भाजून तुलना करा. भाजलेली पट्टी थिनरला टिकली, तर तुमचे दुखणे अर्धवट पिकण्याचे आहे. तीही मऊच राहिली, तर मग रबर विरघळून बसले आहे.

हिरवा_चाफा

जेल होणे आणि पूर्ण पिकणे यांतला फरक इतक्या सोप्या शब्दांत मी प्रथमच वाचला. आमच्या महाविद्यालयातल्या टिपणांत हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले होते. धन्यवाद.

भट्टीकाठ

मी चाकणच्या बाजूला प्लॅस्टिक कंपाउंडिंगमध्ये आहे. वाहनांच्या भागांसाठी नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन यांची मिश्रणे करतो. धागाकर्त्यांनी आम्हांला मुद्दाम बोलावले म्हणून सविस्तर लिहितो.

आमचे दुखणे तुमच्या अगदी उलट आहे. तुमचे रबर नको तितके विरघळते, आमची पॉलिमरे एकमेकांत विरघळतच नाहीत. मीठ आणि पाणी मिसळते कारण लहान कणांना विखुरून बसण्याच्या असंख्य जागा मिळतात. हजारो दुव्यांच्या लांब साखळ्यांना तो लाभ नगण्य असतो, त्यामुळे किंचितही नावड असली की त्या वेगळ्या होतात. फ्लोरी आणि हगिन्स यांनी हा हिशोब मांडला आणि पॉल फ्लोरी यांना १९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पूर्ण मिसळणाऱ्या जोड्या थोड्या आहेत. पॉलिफिनिलीन ऑक्साइड आणि पॉलिस्टायरीन ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध जोडी, जी कोणत्याही प्रमाणात एकजीव होते आणि एकच काचसंक्रमण तापमान दाखवते. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, ती इतकी एकजीव असूनही व्यवहारात तिला चिवट करण्यासाठी रबराचे कण असलेले पॉलिस्टायरीनच वापरावे लागते. मिसळण्याने प्रक्रिया सोपी होते, उष्णतेला किती टिकेल हे ठरवता येते, पण चिवटपणासाठी दुसरा, वेगळा राहणारा घटक लागतोच.

नायलॉन ६ आणि पॉलिप्रॉपिलीन नुसते एकत्र वितळवले तर मोठमोठे थेंब होतात आणि तुटलेल्या पृष्ठभागावर सूक्ष्मदर्शकाखाली गोट्या निघून गेल्यासारखे स्वच्छ खड्डे दिसतात. म्हणून पॉलिप्रॉपिलीनवर थोडे मॅलेइक अॅनहायड्राइड कलम करतात. हे अॅनहायड्राइड एक्स्ट्रूडरच्या, म्हणजे स्क्रूने प्लॅस्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्राच्या आतच नायलॉनच्या अमाइन टोकाशी क्रिया करून इमाइड बंध बांधते. अशी जोडसाखळी नेमकी दोघांच्या सीमेवर बसते. ती थेंबाचा पृष्ठताण कमी करते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे फुटलेले थेंब पुन्हा एकत्र येऊ देत नाही. थेंब लहान, सीमा बळकट आणि तरीही दोन्ही वेगळे, अशी स्थिती आपल्याला हवी असते.

नायलॉनमध्ये रबर घालून ते चिवट करताना ड्युपाँटमधले सौहेंग वू यांनी १९८५ मध्ये दाखवले की रबराच्या शेजारच्या दोन कणांमधले अंतर सुमारे ०.३ मायक्रॉनच्या खाली गेले की ठिसूळ नायलॉन एकदम चिवट होते. म्हणून रबराच्या टक्केवारीइतकाच कणांच्या बारीकपणाचाही विचार करावा. टक्केवारी तीच ठेवून कण बारीक केले की ते संख्येने वाढतात आणि जवळजवळ येतात.

कातळकडा

भट्टीकाठ, मग आम्हीही सीमा जुळवणारे द्रव्य जितके जास्त घालू तितके कण बारीक होतील, असे समजावे का?

भट्टीकाठ

नाही, आणि या चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे. एका ग्राहकाच्या दबावाखाली आम्ही कलमी पॉलिप्रॉपिलीन दुप्पट केले. पेरॉक्साइडने कलम करताना पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटतात, त्यामुळे ते द्रव्य मुळातच पातळ आणि दुबळे असते. शिवाय सीमा भरून गेल्यावर उरलेले तसेच आत पडून राहते. कण आणखी बारीक झाले नाहीत, मिश्रणाची ताकद मात्र उतरली.

थेंब बारीक करण्यात चिकटपणाच्या गुणोत्तराचाही मोठा वाटा असतो. साध्या कातरप्रवाहात थेंबाचा द्रव भोवतालच्या द्रवापेक्षा सुमारे चारपटीहून अधिक घट्ट असेल, तर तो कितीही ढवळला तरी फुटत नाही, नुसता जागच्या जागी फिरत राहतो. या अभ्यासाची सुरुवात जी. आय. टेलर यांनी १९३० च्या दशकात केली. अशा वेळी स्क्रूची मांडणी बदलून वितळ ताणली जाईल असे पाहावे लागते, किंवा कमी घट्ट दर्जाचे रबर निवडावे लागते. आणि नायलॉन नीट वाळवलेले नसेल तर हे सगळे व्यर्थ जाते, ओलावा ०.२ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय मी हॉपर भरू देत नाही.

आडवाटेचा_पांथस्थ

मी या विषयातला नाही, पण वाचताना आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंती आठवल्या. चिखलात भाताचे तूस आणि गवताचे तुकडे तुडवून घालत. नुसत्या मातीच्या भिंतीला तडे जात. हे त्यातलेच आहे का?

अणुरेणू

अर्धे त्यातलेच. न विरघळणारा दुसरा पदार्थ भेगेला अडवतो, इथपर्यंत साम्य आहे. मात्र गवत मातीपेक्षा ताणाला बळकट असते आणि भेगेवर पूल बांधते. ते तंतू घातलेल्या फायबरग्लासच्या जवळचे आहे. रबराचा कण भोवतालच्या रेझिनपेक्षा खूप मऊ असतो आणि त्याचे मुख्य काम स्वतः पोकळ होऊन रेझिनला घसरू देण्याचे असते. म्हणूनच जे रेझिन घसरूच शकत नाही, म्हणजे ज्याचे जाळे फार दाट आहे, त्याला रबराने फारसा चिवटपणा येत नाही. विमानांसाठीच्या चार इपॉक्सी गटांच्या रेझिनमध्ये त्यामुळे पॉलिइथरसल्फोनसारखे उष्णता सोसणारे थर्मोप्लास्टिक घालतात. सुदैवाने धागाकर्त्यांचे रेझिन तितके दाट नाही.

लाटकर

मालवणच्या बाजूला फायबरच्या होड्या बांधण्याचे आणि दुरुस्तीचे आमचे काम आहे. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते, आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात म्हणून दुरुस्ती नेमकी भर पावसातच करावी लागते. आम्ही इपॉक्सी कमी आणि स्टायरीनमधले असंपृक्त पॉलिएस्टर जास्त वापरतो. रबराविषयी मला सांगता येणार नाही, पण दोन गोष्टी अनुभवाच्या आहेत.

पॉलिएस्टरच्या जुन्या थरावर इपॉक्सी नीट घासून लावली तर धरते. उलट केले, म्हणजे ताज्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर लावले, तर खालून उरलेले अमाइन वरच्या रेझिनला पिकू देत नाही आणि तो थर चिकट राहून सुटतो. दुरुस्तीत ही चूक फार होते.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. पॉलिएस्टरला लागणारे कोबाल्टचे अॅक्सिलरेटर आणि एमईके पेरॉक्साइड हे दोन्ही कधीही थेट एकमेकांत ओतू नयेत, त्याचा स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे आणि मगच एक ते दोन टक्के पेरॉक्साइड घालावे. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात नव्या मुलाने दोन्ही एकाच मापात घेतले आणि त्याचा हात भाजला. ज्यांच्याकडे नवीन मुले कामाला येतात त्यांनी दोन्ही डबे वेगवेगळ्या कपाटांत ठेवावेत ही कळकळीची विनंती आहे.

बोंडू

पावसातल्या तेलकट थराचे उत्तर अजून कुणी दिले नाही, ते मी देते. माझे माहेर वेंगुर्ल्याचे, काजूच्या बागांतले. आजी काजूबी फोडायला बसायची तेव्हा हातांना राख चोळून घ्यायची, तरी टरफलाच्या तेलाने बोटांची कातडी सोलून निघायची. पुढे रसायनशास्त्र शिकले तेव्हा कळले की त्या तेलातले अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल कातडी जाळतात. आणि तेच तेल तापवले की अॅनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरते. कार्डानॉल म्हणजे एक फिनॉल, ज्याला पंधरा कार्बनची लांब तेलकट शेपटी आहे.

तुमच्या लेपावरचा तेलकट थर म्हणजे हार्डनरमधल्या अमाइनने हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा घेऊन बनवलेले कार्बामेट. लहान रेणूंची, पाणी ओढणारी अमाइने पृष्ठभागावर येतात आणि हे घडते. त्याच्यावर दुसरा हात मारला तर तो सुटणारच. कोमट पाण्याने धुऊन तो काढता येतो, मिश्रण लावण्यापूर्वी वीसेक मिनिटे मुरू दिले तर कमी होतो, पण मुळावरचा उपाय हार्डनर बदलणे हाच आहे.

कार्डानॉल, फॉर्माल्डिहाइड आणि पॉलिअमाइन यांच्या मॅनिख क्रियेतून फिनालकामाइन नावाचे हार्डनर बनतात. लांब शेपटीमुळे ते पाण्याला दूर ठेवतात आणि फिनॉलचा गट इपॉक्सीची क्रिया वेगाने चालवतो, त्यामुळे पाच अंशांच्या थंडीतही ते पिकतात आणि ओलसर पृष्ठभाग पुष्कळ सहन करतात. जहाजांच्या आणि बंदरांच्या लेपांत ते जगभर वापरले जातात. रंग तांबूस-तपकिरी असतो आणि उन्हात आणखी गडद होतो, म्हणून ते प्रायमर आणि मधल्या थरासाठी घ्यावेत. इपॉक्सी उन्हात खडूसारखी भुरभुरते, तेव्हा वर अॅलिफॅटिक पॉलियुरेथेनचा थर तसाही लागतोच.

पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणलेल्या झाडाच्या टरफलातून निघालेले हार्डनर आपल्याच किनाऱ्यावरचे खांब राखते, याचा मला मनापासून आनंद होतो. ज्या गावांत टरफले अजून भट्टीत जाळली जातात तिथे मला वाईट वाटते, कारण टरफलाच्या वजनाच्या पाव भागाहून अधिक तेल धुरात जाते आणि तो धूर बायकांच्या छातीत बसतो.

मापट्याचे_गणित

बोंडूताई, माहिती उत्तम आहे, पण एका ठिकाणी मी थांबवीन. ओलसर पृष्ठभाग सहन करणे म्हणजे ओल्या पृष्ठभागावर काम करण्याची मुभा नव्हे. लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर असावे हा नियम फिनालकामाइनसाठीही पाळावा. जेट्टीवरचे मुकादम 'ओल्यावर चालते' एवढेच ऐकतात आणि भरतीचे पाणी उतरताच ब्रश मारतात. मिठाचे कण खाली राहिले तर कोणतेही रेझिन आले तरी आतून फोड येतात. सँडब्लास्टिंग एसए अडीच दर्जाचे, म्हणजे लोखंड जवळजवळ पांढरे स्वच्छ होईपर्यंत, आणि त्याआधी गोड्या पाण्याने धुणे, यांना पर्याय नाही.

बोंडू

पूर्ण सहमत. माझ्या वाक्यातून तसा अर्थ निघत असेल तर तो दुरुस्त करून वाचावा.

दूरदेशी

मी नेदरलँड्समध्ये लेपांच्या प्रयोगशाळेत काम करते. रसायनावर सगळे बोलले, कातडीवर बोंडूताईंच्या आजींपुरतेच बोलणे झाले, म्हणून लिहिते. द्रव इपॉक्सी आणि अमाइन या दोन्हींची अॅलर्जी एकदा जडली की ती आयुष्यभर राहते. माझ्या एका सहकाऱ्याला पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर हे काम सोडावे लागले, कारण शेजारच्या टेबलावर डबा उघडला तरी त्याच्या पापण्या सुजत. भारतात मी शिकाऊ असताना आम्ही हाताला लागलेले रेझिन थिनरने पुसायचो. थिनर रेझिनला कातडीत आणखी खोल नेतो. साबण आणि पाणी वापरा, नायट्राइलचे हातमोजे घाला आणि ते माखले की लगेच बदला. कातळकडा, आपण अॅडक्ट शिजवणार असाल तर हे आधी करा.

अणुरेणू

दूरदेशी यांचा प्रतिसाद प्रत्येक रंगकारखान्यात भिंतीवर लावावा असा आहे.

मूळ प्रश्नाकडे परत येतो. जेट्टीवर भट्टी नाही, हा या धाग्यातला सर्वांत अवघड भाग आहे. द्रव रबराला वेगळे होऊन कण बनवायला वेळ आणि हालचाल लागते. थंड हवेत रेझिन आधीच घट्ट असते आणि हार्डनर जलद असेल तर कण बनायच्या आत जेल येते. मग रबराचा बराच भाग विरघळलेलाच अडकतो. म्हणजे अॅडक्ट योग्य केले तरी फिनालकामाइनच्या वेगापुढे ते हरू शकते. त्यामुळे माझे मत असे की, कण आधीच बनवून ठेवलेले असावेत. गाभा रबराचा आणि कवच अॅक्रिलिक पॉलिमरचे असे कण इपॉक्सीत पसरवलेले तयार मिळतात. त्यांचा आकार कारखान्यातच ठरलेला असतो. तापमान, हार्डनर, हवा यांपैकी कशानेही तो बदलत नाही, आणि इपॉक्सीचे काचसंक्रमण तापमान जवळजवळ तसेच राहते.

भट्टीकाठ

याला माझा पाठिंबा आहे, पण किमतीचा विचार करा. आणि अॅडक्टला इतक्या लवकर बाद करू नका. रबरातले अॅक्रिलोनायट्राइल कमी असलेला दर्जा घेतला तर त्याची इपॉक्सीशी जवळीक कमी होते आणि ते लवकर वेगळे होते. आम्ही मिश्रणांत हेच करतो: न मिसळण्याची ओढ किती ठेवायची ते आधी ठरवतो आणि मग सीमा जोडतो.

अणुरेणू

मान्य आहे. फक्त ते फार कमी केले तर रबर डब्यातच वेगळे होऊन तळाशी किंवा वर थर धरेल, आणि साठवणुकीत सहा महिने टिकणारा लेप विकता येणार नाही. दोन्ही करून पाहावेत.

कातळकडा

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात जे केले ते लिहितो.

सर्वांत आधी मापट्याचे_गणित यांनी सांगितलेली भाजलेली पट्टी. तीही थिनरला टिकली नाही, म्हणजे रबर विरघळून बसले होते हे नक्की झाले. तराजू तपासला तेव्हा दुसरी चूकही निघाली: आमचा कामगार रबरासकट एकूण वजनावर हार्डनर घालत होता. दोष त्याचा नाही, तक्ता मी लिहिला होता.

त्यानंतर फिनालकामाइन हार्डनर ठेवून तीन प्रकारच्या पट्ट्या केल्या. एक साध्या रेझिनची, दुसरी रबराच्या अॅडक्टची, तिसरी गाभा-कवच कणांची, आणि दोन्ही बदललेल्या रेझिनांत रबराचे प्रमाण सारखे ठेवले. सगळ्या पट्ट्या भर पावसाळ्यात कारखान्याच्या उघड्या शेडमध्ये पिकवल्या. तेलकट थर तिन्हींवर आला नाही. बोंडूताईंचा उपाय लागू पडला. सात दिवसांनी शंकूवर वाकवल्या तेव्हा साध्या रेझिनची पट्टी बारीक टोकाकडे तडकली, बाकी दोन्ही शाबूत राहिल्या. वजन आपटण्याच्या चाचणीतही तोच क्रम आला. फरक थिनरच्या बोळ्याने दाखवला: अॅडक्टची पट्टी किंचित धूसर होती आणि बोळ्याने थोडी मऊ पडली, म्हणजे अणुरेणू म्हणाले त्याप्रमाणे रबराचा काही भाग विरघळलेला राहिला. गाभा-कवच कणांची पट्टी कडकच राहिली.

किमतीबाबत भट्टीकाठ यांचे म्हणणे खरे ठरले. सगळ्या थरांत ते कण घालणे आम्हांला परवडणार नाही, म्हणून आघात जिथे शोषला जायला हवा त्या जाड मधल्या थरातच ते घालायचे ठरवले आहे आणि प्रायमर साधाच ठेवला आहे.

मापट्याचे_गणित

तक्ता दुरुस्त केल्याचे वाचून समाधान वाटले. एक शंका: टवका उडतो तो थराच्या मधूनच की लोखंडापासून? प्रायमर ठिसूळ राहिला तर मधला थर कितीही चिवट असला तरी भेग खालून जाईल. पुल-ऑफ चाचणी करून, म्हणजे लेपावर धातूची गोटी चिकटवून ती ओढून, गोटी कोणत्या थरातून सुटते ते पाहावे.

कातळकडा

हे मी पाहिले नव्हते. जुन्या खांबांवरचे टवके काढून तपासले, तर बहुतेकांच्या पाठीला प्रायमरचा पातळ तांबडा थर चिकटलेला आहे आणि लोखंडावरही त्याचाच थर उरलेला आहे, म्हणजे भेग प्रायमरच्या आतून धावली. तेव्हा चौथा संच आणखी करावा लागेल, ज्यात प्रायमरमध्येही थोडे कण असतील.

लाटकर

आमच्या धक्क्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पट्ट्या टांगायला जागा आहे. तिथे लाटेबरोबर लाकडाचे ओंडकेही आपटतात, त्यामुळे प्रयोगशाळेपेक्षा खरी परीक्षा होईल. चारही संच पाठवा, नायलॉनच्या दोरीने बांधून ठेवतो आणि दर अमावास्येला उधाणानंतर फोटो टाकतो.

कातळकडा

पुढच्या आठवड्यात स्वतः घेऊन येतो. प्रत्येक संचाच्या तीन पट्ट्या असतील, मागे क्रमांक ठोकलेले असतील आणि प्रत्येकीवर एक तिरका ओरखडा मुद्दाम मारलेला असेल. पुढचे फोटो याच धाग्यावर येतील.